ऑनलाइन जुगाराचा धंदा कसा वाढला आणि आता कुठे वळतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका पतसंस्थेच्या कर्जविभागात काम करतो. कर्ज मागायला आलेल्या माणसाचं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आम्ही ओळ न ओळ वाचतो. गेल्या काही वर्षांत त्या ओळींत शिरलेला एक खर्च मला झोप लागू देत नाही. त्याबद्दल सभासद, त्यांचे आईवडील, शाळेतले शिक्षक, सगळे मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे.

ऑनलाइन जुगार म्हणजे नेमकं काय काय?

पैसे लावायचे, निकालाची वाट पाहायची आणि निकालावर पैसे जातात किंवा येतात, असं मोबाइलवर होणारं सगळं. क्रिकेटवरचा सट्टा, समोर खरी मुलगी पत्ते वाटते असा लाइव्ह कॅसिनो, फळांची चित्रं फिरणारे स्लॉट, पैशाची रमी आणि पोकर, लाल-हिरवा रंग ओळखायची ॲप्स, विमान वर जातं आणि कधीही उडून जातं तो खेळ, आणि मोबाइलवर आलेला आपला जुना मटका. पैसे लावून खेळायच्या फँटसी क्रिकेटला, म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून आपली टीम निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायच्या खेळाला, कंपन्या वेगळ्या पंक्तीत बसवत होत्या. ते का, ते पुढे येईल.

हे सुरू कुठे झालं?

कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा आणि बार्बुडा या छोट्या देशाने १९९४ मध्ये मुक्त व्यापारक्षेत्राचा कायदा केला आणि त्याखाली इंटरनेटवरच्या जुगाराला परवाने मिळू लागले. दोनेक वर्षांत पहिले ऑनलाइन कॅसिनो उभे राहिले. कंपनी एका बेटावर, सर्व्हर दुसरीकडे आणि गिऱ्हाईक तिसऱ्याच देशात, ही रचना तेव्हाच ठरली आणि आजही तीच चालते. पुढे माल्टा आणि कुरासाओ परवान्यांची मोठी ठाणी झाली. अमेरिकेने २००६ मध्ये बँकांमार्फत पैसे वळवण्यावर बंदी आणली. मे २०१८ मध्ये मात्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला अडवणारा केंद्रीय कायदा रद्द केला आणि तीसहून जास्त राज्यांनी दारं उघडली. धंद्याच्या आजच्या वाढीत त्या एका निकालाचा वाटा फार मोठा आहे.

भारतात इतक्या झपाट्याने का पसरलं?

तीन गोष्टी एकापाठोपाठ आल्या. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा जवळजवळ फुकट झाला. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं. हातात फोन, फोनमध्ये पैसे आणि समोर मोकळा दिवस. याआधी जुगार खेळायचा तर घरातून उठून कुठेतरी जावं लागायचं आणि गल्लीतलं कोणीतरी बघायचं. ती अडचण संपली.

चौथी गोष्ट क्रिकेट. ड्रीम११ ही मुंबईची कंपनी, २००८ मध्ये हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी काढलेली. २०२० मध्ये तिने २२२ कोटी रुपये मोजून आयपीएलचं शीर्षक प्रायोजकत्व घेतलं. २०२३ मध्ये भारतीय संघाच्या जर्सीसाठी तीन वर्षांचा ३५८ कोटींचा करार केला. रमीसर्कल आणि माय११सर्कल चालवणारी गेम्स२४x७ हीसुद्धा मुंबईचीच. म्हणजे हा धंदा कुठल्या दूरच्या बेटावरून आपल्याकडे आला असं म्हणून सुटका होत नाही. त्याची मोठी ऑफिसं मुंबई आणि बंगळुरूत होती, आपलीच शिकलेली पोरं तिथे कोडिंग करत होती.

लोकांना त्यात लाज वाटेनाशी झाली, हे मला सगळ्यात मोठं कारण वाटतं. 'मटका लावतो' हे माणूस बायकोपासून लपवायचा. 'टीम लावली' हे तो चहाच्या टपरीवर मोठ्याने सांगायचा, कारण टीव्हीवर स्वतः क्रिकेटपटूच ते सांगत होते.

'कौशल्याचा खेळ' हा काय प्रकार आहे?

१८६७ चा इंग्रजांचा सार्वजनिक जुगार कायदा 'निव्वळ कौशल्याच्या' खेळांना सूट देतो. आपल्याकडच्या १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातही तशी सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७-६८ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका प्रकरणात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींबद्दलही तसंच म्हटलं. २०१७ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फँटसी क्रिकेटला याच रांगेत बसवलं. या निकालांच्या आधाराने अब्जावधींच्या कंपन्या उभ्या राहिल्या.

त्यातच 'जुगार आणि सट्टा' हा विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यांच्या यादीत आहे. तेलंगणाने २०१७ मध्ये बंदी घातली, आंध्रने २०२० मध्ये. कर्नाटकाचा २०२१ चा बंदीचा कायदा पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयात पडला. नागालँड आणि सिक्कीमने परवाने दिले. एकच ॲप सोलापुरात चालायचं आणि सीमा ओलांडून तेलंगणात गेलं की बंद व्हायचं.

माझं मत विचाराल तर रमीत कौशल्य आहे, यात शंका नाही. पण रात्री दीड वाजता, अकरा डाव हरल्यानंतर बाराव्या डावाला बसलेल्या माणसाच्या हातात ते कौशल्य उरत नाही. न्यायालयापुढे खेळ होता. आमच्यापुढे तो माणूस येतो.

मटक्यात बुकी दहा टक्के खायचा. ॲप तर फक्त तीन टक्के ठेवतं म्हणतात. मग ॲप बरं, नाही का?

हा प्रश्न मला एका शिकलेल्या, हिशेबात हुशार मुलाने विचारला होता. या पानावरचं हे उत्तर मात्र सावकाश वाचा.

मटक्याचा जन्म कापसाच्या भावातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होते भाव मुंबईत यायचे आणि लोक त्यांच्या आकड्यांवर पैसे लावायचे. ते बंद पडल्यावर १९६२ मध्ये वरळीत कल्याणजी भगत यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली आणि दोन वर्षांनी रतन खत्री यांनी स्वतःचा मटका काढला. एकेरी आकड्याला रुपयाला नऊ, जोडीला नव्वद हा प्रचलित भाव. दहा आकड्यांतला एक लागणार आणि मिळणार नऊपट, म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले सरासरी दहा बुकीचे. पण निकाल दिवसाला किती? ओपन आणि क्लोज, दोन. रोज शंभर रुपयांचा एक आकडा लावणाऱ्याचे सरासरी दहा रुपये जायचे. बाकीचा दिवस तो कामावर असायचा.

आता विमानाचा खेळ घ्या. पडद्यावर विमान वर चढतं, बाजूला आकडा वाढतो, १.२ पट, १.५ पट, २ पट. ते उडून जायच्या आत बटण दाबलं तर तेवढे पट पैसे मिळतात, नाहीतर गेले. अशा खेळांत कंपन्या स्वतःच जाहीर करतात तो परतावा साधारण ९७ टक्के. तीन टक्के ऐकायला खरंच कमी वाटतात. पण डाव काही सेकंदांत संपतो आणि लगेच पुढचा सुरू होतो. मिनिटाला दोन डाव धरा. तासाला १२० डाव. शंभर-शंभर रुपये लावले तर तासाभरात १२,००० रुपये फिरले आणि त्याचे तीन टक्के म्हणजे ३६० रुपये गेले. खिशात एवढे पैसे नसले तरी हे होतं, कारण तेच पाचशे-हजार रुपये जिंकत-हरत पुन्हा पुन्हा फिरत राहतात.

मटक्यात दिवसाला दहा, ॲपमध्ये तासाला तीनशे साठ. टक्केवारी तिपटीने उतरली आणि नुकसान कितीतरी पटींनी चढलं. या धंद्यातली कुठलीही नवी गोष्ट समोर आली की मी आधी एकच विचारतो: पैसे लावणं आणि निकाल यांच्यातला वेळ याने किती कमी केला? बहुतेक वेळा सगळा प्रकार तिथेच उलगडतो.

बोनसचंही तसंच. 'हजार रुपये बोनस, काढण्याआधी तीसपट खेळा' अशी अट असते. तीसपट म्हणजे ३०,००० रुपये फिरवायचे. त्याचे तीन टक्के नऊशे. हजारातले शंभर उरले, तेही नशीब सरासरीइतकं राहिलं तर.

स्टेटमेंटमध्ये हे दिसतं कसं?

एक मुलगा टेम्पो चालवतो, जुना बदलून नवा घ्यायला कर्ज मागायला आला होता. कागद नीट, कमाई नीट. स्टेटमेंटमधल्या एका रात्रीच्या ओळी मला अजून पाठ आहेत. ११:१४ ला २०० रुपये. ११:३१ ला ५००. ११:४० ला ५००. १२:०६ ला १,०००. १२:०९ ला १,०००. मग १:४७ ला २,३०० जमा. १:५२ ला २,००० परत गेले. २:२० ला ३००. त्यानंतर शिल्लक अकरा रुपये काही पैसे. सकाळी सव्वासहाला डिझेलसाठी भावाकडून हजार रुपये आले होते.

बघा, त्या रात्री गेलेल्यातले बरेच पैसे एकदा परत आले होते. १:४७ ला पैसे हातात आले होते. पाच मिनिटं टिकले.

मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काका, खेळ पाचशेचाच ठरवला होता." मला ते खोटं वाटलं नाही. पाच-पाचशेचाच खेळ होता तो, फक्त सहा महिन्यांत तीनशेहून जास्त वेळा झालेला. आणि या रकमा कुठल्या खेळाच्या नावाने दिसत नाहीत. कुठल्यातरी किराणा दुकानाच्या, ट्रेडर्सच्या किंवा अनोळखी बाईमाणसाच्या नावाने गेलेल्या असतात. घरच्यांनी स्टेटमेंट पाहिलं तरी त्यांना वाटतं पोरगा सामान भरतोय.

जीएसटीमुळे काय बदललं?

आधी 'कौशल्याच्या' खेळांच्या कंपन्या स्वतःच्या कमिशनवर १८ टक्के कर भरायच्या. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने ठरवलं आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भरणा केलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागू झाला. फरक केवढा, तर शंभर रुपयांवर कंपनीचं कमिशन पंधरा असेल, तर जुना कर होता २ रुपये ७० पैसे. नव्या पद्धतीत शंभरातले जवळजवळ २२ रुपये करात, कारण कर त्या शंभरातच धरलेला. गिऱ्हाईक पळू नये म्हणून कित्येक कंपन्या तेवढी रक्कम बोनस म्हणून परत टाकायच्या. पहिल्या सहा महिन्यांत सरकारचं ऑनलाइन गेमिंगमधलं उत्पन्न ४१२ टक्क्यांनी वाढून ६,९०९ कोटींवर गेलं, असं अर्थमंत्र्यांनी सांगितलं. मागच्या काळासाठीही कंपन्यांना एक लाख कोटींहून जास्त रकमेच्या नोटिसा गेल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला.

या काळात परदेशी बेकायदा साइट अर्थातच एक रुपयाही भरत नव्हत्या, आणि 'आमच्याकडे कर नाही, टीडीएस नाही' हीच त्यांची जाहिरात होती.

२०२५ च्या कायद्यात काय आहे?

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा लोकसभेत २० ऑगस्ट २०२५ ला, राज्यसभेत दुसऱ्या दिवशी मंजूर झाला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाख. पैशांची वाट करून देणाऱ्यालाही चालवणाऱ्याइतकीच शिक्षा. ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपये यात गमावतात, हा सरकारने तेव्हा दिलेला अंदाज.

खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, तो पीडित धरला आहे. हे मला कायद्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. गुन्हेगार ठरायच्या भीतीने पोरं घरात तोंड उघडत नाहीत.

परिणाम दोन-तीन दिवसांत दिसला. ड्रीम११, एमपीएल, रमी-पोकरच्या कंपन्यांनी पैशाचे खेळ थांबवले, शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. सप्टेंबरमधल्या आशिया कपात भारतीय संघाच्या जर्सीवर प्रायोजकाचं नावच नव्हतं. कायद्याला आव्हान मिळालं आणि वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या.

मग आता धंदा थांबला का?

परवाना मागत फिरणारा, कर भरणारा धंदा थांबला. आयडीवाला थांबला नाही.

'आयडी' हा शब्द गावोगावी माहीत आहे. व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर कोणीतरी नंबर देतो, त्याला पैसे पाठवले की नाव आणि पासवर्ड येतो. साइट बंद पडली की दुसऱ्या दिवशी एक अक्षर बदलून नवी लिंक येते. विड्रॉल मागितला की एका खात्यातून येतो, डिपॉझिट करायला रोज वेगळा क्यूआर कोड. महादेव या सट्ट्याच्या ॲपच्या प्रकरणात ईडीने हीच रचना उघड केली: मुख्य सूत्रधार दुबईच्या बाजूला, आणि इथे ओळखीच्या लोकांना 'पॅनल', म्हणजे आयडी विकायच्या शाखा, वाटलेले, नफ्याची वाटणी ७०-३०. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने महादेवसह २२ ॲप्स-साइट्सवर बंदी घातली. पॅनलची पद्धत मात्र सगळ्यांनी उचलली. पूर्वी मटक्याला जसा टपरीवर चिठ्ठी घेणारा असायचा, तसा आता पॅनलवाला. फरक एवढाच की टपरीवाल्याला तुमचं घर माहीत असायचं आणि तुम्हाला त्याचं.

जाहिराती आडून येतात. सट्ट्याच्या साइटच्या नावाने 'न्यूज' किंवा 'स्पोर्ट्स' असं काहीतरी काढायचं आणि त्याची जाहिरात करायची. माहिती आणि प्रसारण मंत्रालय २०२२ पासून त्याविरुद्ध सूचना काढत आलं आहे.

कोणी माझं बँक खातं महिन्याला काही हजार रुपये देऊन 'वापरायला' मागतंय. देऊ का?

नाही. काहीही झालं तरी नाही. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड असा सेट मागतात. कॉलेजची मुलं आणि रोजंदारीवरची माणसं यात सापडतात. तुमच्या खात्यातून लाखो रुपये फिरतात, खातं गोठतं, आणि दुसऱ्या राज्यातले पोलीस तुमचं नाव शोधत दारात येतात, कारण कागदावर ते व्यवहार तुम्हीच केलेले असतात. खातं दिलं असेल तर आजच बँकेत लेखी कळवा, कार्ड बंद करा आणि पोलिसांकडे स्वतःहून जा.

जगात सध्या नवं काय चाललंय?

पहिलं म्हणजे सामना चालू असताना लावायचा सट्टा. कोण जिंकणार हे विचारायचं मागे पडलं. पुढचा चेंडू, पुढचा पॉइंट, पुढचा फ्री थ्रो. याने खेळालाही कीड लागते. अख्खा सामना विकत घ्यायला अनेक माणसं लागतात, पण एका खेळाडूचा एक आकडा ठरवून पाडायला एकच पुरतो. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने २०२४ मध्ये एका खेळाडूला याच कारणाने आजीव बंदी घातली: त्याने स्वतःबद्दलची आतली माहिती सट्टेबाजांना दिली होती. आपल्याला २००० ची मॅच फिक्सिंग आणि २०१३ ची आयपीएलमधली स्पॉट फिक्सिंग आठवत असेलच.

दुसरं, 'हो की नाही' बाजार. निवडणूक कोण जिंकेल, पाऊस किती पडेल, काहीही. अमेरिकेच्या २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीवर पॉलीमार्केट आणि काल्शी या कंपन्यांच्या बाजारांत प्रचंड पैसा लागला. हे लोक स्वतःला सट्टा म्हणवत नाहीत, वायदेबाजार म्हणवतात. आपल्याकडे असाच प्रकार 'ओपिनियन ट्रेडिंग' म्हणून पसरला होता. सेबीने एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिला की हे आमच्या नियंत्रणात येत नाही आणि गुंतवणूकदारांना इथे कुठलंही संरक्षण नाही. 'ट्रेडिंग' या शब्दाने फसू नका.

तिसरं, क्रिप्टोवर चालणारे कॅसिनो, जिथे बँक मध्ये येतच नाही. आणि चौथं, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं: खेळणाऱ्याची नोंद. तुम्ही किती वाजता हरता, किती हरल्यावर थांबता, कितीच्या बोनसने परत येता, हे सगळं साठवून नेमक्या त्या वेळी नोटिफिकेशन येतं. टेम्पोवाल्या मुलाच्या फोनवर मी पाहिलं होतं. पगाराची तारीख नसलेल्या त्या पोराला भाडं मिळायच्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी मेसेज यायचे.

दुसरे देश हे कसं आवरतात?

ब्रिटनने २००५ च्या कायद्याने दार उघडलं आणि आता ते थोडं थोडं बंद करतंय. एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार बंद. एका नोंदणीने सगळ्या परवानाधारक साइटवरून स्वतःला बाहेर काढून घ्यायची सोय आहे, तिचं नाव गॅमस्टॉप. २०२५ पासून ऑनलाइन स्लॉटला एका वेळी जास्तीत जास्त पाच पौंड, २५ वर्षांखालच्यांना दोन. प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२५-२६ च्या हंगामानंतर जर्सीच्या पुढच्या बाजूवरून जुगार कंपन्यांची नावं काढायचं मान्य केलंय.

पण आपण खरं बघावं ते ब्राझीलकडे. त्यांचं पिक्स म्हणजे आपलं यूपीआय, नोव्हेंबर २०२० मध्ये आलेलं. फुटबॉल म्हणजे त्यांचं क्रिकेट. २०१८ मध्ये सट्ट्याला कायद्याने वाट दिली आणि नियम करायला पुढची सहा वर्षं लावली. त्या सहा वर्षांत व्हायचं ते झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या सुमारे ५० लाख लाभार्थ्यांनी एका महिन्यात जवळपास ३०० कोटी रेआल (ब्राझीलचं चलन) पिक्सवरून सट्ट्याच्या साइटना पाठवले, असा तिथल्या मध्यवर्ती बँकेचाच अंदाज होता. मुलांच्या जेवणासाठी दिलेले पैसे होते ते. १ जानेवारी २०२५ पासून तिथे परवाना, चेहऱ्याची ओळख आणि वेगळा वेब पत्ता सक्तीचा झाला.

फिलिपिन्सने परदेशी गिऱ्हाइकांसाठी चालणारे अड्डे २०२४ मध्ये बंद करायचं ठरवलं, कारण त्यांच्या आडून माणसांना डांबून ठेवून फसवणुकीचे कॉल सेंटर चालत होते.

बंदी बरी की नियमन?

क्रिकेट मंडळाच्या सुधारणांसाठी नेमलेल्या लोढा समितीने २०१६ मध्ये क्रिकेटवरचा सट्टा कायदेशीर करावा असं सुचवलं होतं. विधी आयोगाने २०१८ च्या २७६ व्या अहवालात म्हटलं की पूर्ण बंदी जमत नसेल तर नियमन करा. त्यातला मुद्दा मला समजतो: उजेडात असलेला धंदा मोजता येतो, आयडीवाला मोजता येत नाही.

तरीही २०१६ ते २०२५ आपल्याकडे काय होतं ते मी काउंटरच्या या बाजूने पाहिलंय. परवाना नव्हता, मर्यादा नव्हती, आणि सचिन-धोनीच्या तोडीचे खेळाडू आयपीएलच्या दर ओव्हरला मुलांना बोलवत होते. ते बंद झालं याचा मला आनंद आहे, आणि तो मी लपवणार नाही. फक्त एवढ्यावर काम झालं असं समजू नये. तमिळनाडूने खऱ्या पैशाच्या खेळांना मध्यरात्र ते पहाटे पाच बंदी घातली होती आणि मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ती उचलून धरली. ज्याने कोणी तो नियम लिहिला त्याने माझ्यासारखीच स्टेटमेंटं वाचली असणार.

गोव्यात कॅसिनो चालतात, मग हे कसं?

गोव्याचा कायदा वेगळा आहे, १९७६ चा. १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत मशिनांना आणि १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांत टेबलांना परवानगी मिळाली. मांडवीतली जहाजं त्यातून आली. तिथे जाऊन खेळणं म्हणजे ऑनलाइन खेळणं नाही, त्यामुळे २०२५ चा कायदा त्याला लागत नाही. खुद्द गोंयकारांना २०२० पासून कॅसिनोत प्रवेश बंद आहे, हे तिथल्या सरकारला धोका कळतो याचं लक्षण आहे. महाराष्ट्रातही १९७६ चा कॅसिनो कायदा होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला.

ई-स्पोर्ट्सवरही बंदी आहे का?

नाही. पैसे न लावता स्पर्धा म्हणून खेळतात ते ई-स्पोर्ट्स. त्याला केंद्राने डिसेंबर २०२२ मध्येच मान्यता दिली आणि नव्या कायद्यात त्याला प्रोत्साहन आहे. मुलगा स्पर्धेत खेळतो म्हणून घाबरू नका. खेळताना तो पैसे कुठे भरतो का, तेवढं बघा.

आधी जिंकलेल्या पैशांवर कर भरावा लागतो का?

हो. ३० टक्के, वर सेस. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर टीडीएस कापला जातो. बाकीच्या उत्पन्नातून जुगारातला तोटा वजा करता येत नाही.

घरातला माणूस अडकलाय. आधी काय करायचं?

सावकाराचं किंवा लोन ॲपचं कर्ज एकरकमी फेडून टाकू नका. आईबाप दागिने मोडून पहिलं हेच करतात. हात मोकळा झाला की पोरगा 'गेलेले काढायला' पुन्हा बसतो. आधी सगळा आकडा कागदावर येऊ द्या, प्रत्येक देण्याचा, मित्राकडून घेतलेल्या पाचशेचासुद्धा. पहिल्या दिवशी तो अर्धाच सांगेल. दोन-तीनदा बसावं लागेल, ओरडू नका.

मग पैशाच्या वाटा अरुंद करा. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमध्ये कमी करता येते. पगार किंवा भाडं दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यात येऊ द्या. रात्री फोन त्याच्या खोलीत नको. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराचं व्यसन आजारांच्या यादीत घेतलंय, तेव्हा डॉक्टरकडे न्यायला संकोच नको. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. साइटने पैसे बुडवले किंवा फसवणूक झाली तर १९३० वर लगेच कळवा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात. जिवाचं बरंवाईट करायची भाषा निघाली तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, आणि हिशेब तेव्हा काढू नका.

टेम्पोवाल्या मुलाचं कर्ज आम्ही तेव्हा नाकारलं. आठ महिन्यांनी तो आईला घेऊन पुन्हा आला. नवं स्टेटमेंट त्याने स्वतःच माझ्यापुढे ठेवलं. त्यात रात्री अकरानंतरची एकही ओळ नव्हती. टोलच्या दोन ओळी सोडल्या तर.